बटण ऐकतं कोण?

एफ-फोर दाबल्यावर काय होतं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठे बसून दाबताय? एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहिता लिहिता दाबलं तर सेलच्या पत्त्याला डॉलर लागतात. फॉर्म्युला चालू नसेल तर मघाशी केलेलं शेवटचं काम पुन्हा एकदा होतं. टॅलीत दाबलं तर काँट्रा व्हाउचर उघडतं. सॅपमध्ये त्या रकान्यात काय काय भरता येईल त्याची यादी समोर येते. जुन्या ओपन-ऑफिसमध्ये डेटा सोर्सची खिडकी उघडायची. नव्या लॅपटॉपवर आवाज बंद होतो किंवा माईकचा दिवा लागतो. आणि अंगठा चुकून ऑल्टवर असेल तर समोरचा प्रोग्रामच मिटतो.

हे सगळं मला एकाच आठवड्यात भेटतं. मी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांचे हिशेब बघते. कुणा एकाची नोकरी नाही, वार वाटून दिलेले. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी युनिटं भोवती उभी राहिली. प्रेस शॉप, मशीन शॉप, प्लेटिंग, रबर. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, तिकडेही तेच झालं. या युनिटांचं ऑफिस म्हणजे बहुतेक ठिकाणी शॉप फ्लोअरच्या वर काढलेली एक केबिन. खाली प्रेसचा ठोका पडला की वर चहाच्या कपात तरंग उठतात. कीबोर्डवर ऑइलचे डाग. कोणती अक्षरं पुसट झालीत ते बघून मला आधीचा माणूस कसं काम करायचा ते सांगता येतं. ई, एस आणि व्ही गेलेले असतील तर जुना एक्सेलवाला.

मी शिकले ती लोटसवर. नव्वदीच्या दशकात, औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये. काळा पडदा, माउस नाहीच. सगळं काम स्लॅशने. स्लॅश दाबायचं, वर मेनू यायचा, मग अक्षरांमागून अक्षरं. फाईल सेव्ह करायची तर स्लॅश, एफ, एस, एंटर, आर. ओळ घुसवायची तर स्लॅश, डब्ल्यू, आय, आर. आम्ही ते परवचा म्हटल्यासारखं म्हणायचो. ही स्लॅशची पद्धत लोटसचीही नव्हे. १९७९ साली आलेल्या व्हिझिकॅल्कमध्ये ती आधीच होती, लोटस आलं १९८३ला. गंमत अशी की ती अजून मेलेली नाही. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये रिकाम्या सेलवर उभं राहून नुसतं स्लॅश दाबून बघा. वरच्या पट्टीवर अक्षरांचे छोटे ठोकळे उगवतात, ऑल्ट दाबल्यावर उगवतात तसेच. लोटसची माणसं आपल्याकडे यावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने ठेवलेली ती पायरी आहे. माणसं कधीच आली, पायरी कुणी काढली नाही.

एक्सेलवर आल्यावर माझी पहिली मोठी कमाई म्हणजे ऑल्ट, ई, एस, व्ही. म्हणजे फॉर्म्युला सोडून फक्त आकडे चिकटवणं. पगारपत्रक ज्याने केलंय त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. पीएफचे बारा टक्के एका सेलमध्ये, सगळ्या कामगारांचा बेसिक खाली, मधल्या फॉर्म्युल्याला डॉलर लावून खेचलेलं, आणि महिना संपला की तो पगार गोठवायचा. पुढे दर बदलला तरी जुना महिना हलता कामा नये. २००७ साली एक्सेलचे मेनू गेले, रिबन आली. ‘एडिट’ नावाचा मेनूच उरला नाही, तरी ऑल्ट, ई, एस, व्ही चालूच राहिलं. दाबायला लागलं की पडद्यावर एक चौकट येऊन सांगते की जुन्या ऑफिसची वाट धरलीये, पुढचं दाबा. मला त्या चौकटीचं अप्रूप आहे. आपल्याकडे रस्ता रुंद करताना जुनी वाट इतक्या अदबीने कुणी ठेवत नाही.

त्या काळात लोडशेडिंग होतं. युपीएस ओरडायला लागला की दोन-तीन मिनिटं हातात. त्यामुळे कंट्रोल-एस हे माझ्या डाव्या हाताला खोकल्यासारखं लागलं. वाक्य संपलं, कंट्रोल-एस. फोन वाजला, कंट्रोल-एस. आज गुगल शीट्समध्ये त्याची गरज नाही, तरी हात जातोच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या काही व्हेंडर पोर्टलवर मात्र ही सवय वेगळंच करते. तिथे कंट्रोल-एस म्हणजे ते वेबपान उचलून डिस्कवर ठेवणं. माझ्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अशी पानं ढिगाने पडलेली असतात.

एक सांगायला हवं. तेव्हा युनिटच्या ऑफिसात बाई म्हणजे टायपिंगला, नाहीतर फोन घ्यायला. ऑडिटला आलेले साहेब फाईल बघायची असली की मालकाशी बोलायचे, माझ्याशी नाही. ‘मॅडमला माउस लागत नाही’ ही बातमी मात्र एमआयडीसीत फिरली, आणि तिने मला पगारवाढीपेक्षा जास्त दिलं. त्यात थोडा दिखावाही होता. कुणी मागे उभं असलं की मी मुद्दाम जोरात बडवायची. माझा कीबोर्डही तसाच, टीव्हीएस गोल्ड, प्रत्येक बटणाला टक्‌ असा आवाज. तो आजही स्कूटीच्या डिकीत माझ्यासोबत फिरतो.

नंतर टॅली आलं आणि हातांची पंचाईत सुरू झाली. टॅलीत एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-सेव्हन जर्नल, एफ-एट सेल्स, एफ-नाइन पर्चेस. अकाउंट्सच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. एक्सेलमध्ये एफ-फाइव्ह म्हणजे ‘अमुक सेलवर जा’, एफ-सेव्हन स्पेलिंग तपासतं, आणि एफ-नाइन तर फारच वात्रट. फॉर्म्युल्याच्या आत असताना ते दाबलं की फॉर्म्युला वितळून नुसता आकडा उरतो. एस्केप मारलं तर वाचतो, एंटर मारलं की गेला. टॅलीवाला मुलगा एंट्री संपली की कंट्रोल-ए दाबतो, कारण टॅलीत ते ‘स्वीकार’ आहे. एक्सेलमध्ये सगळी शीट एकदम करडी होते आणि तो दचकतो. त्यात नुकसान काही नसतं. दचकल्यावर घाबरून जे दाबलं जातं, त्यात असतं.

हे सगळं मी बरीच वर्षं पाठांतराचा प्रश्न समजत होते. या प्रोग्रामात हे, त्या प्रोग्रामात ते. डोक्यात कप्पे करायचे आणि दार उघडताना कप्पा बदलायचा. तो समज मोडला चिकलठाण्याच्या एका युनिटात. मालकांनी नवा लॅपटॉप आणला होता. मी सेल दुरुस्त करायला एफ-टू दाबलं आणि पडद्याचा उजेड कमी झाला. पुन्हा दाबलं, आणखी कमी. एक्सेल तेच, फाईल तीच, मीच केलेली. एक्सेलपर्यंत माझं बटण पोचलंच नव्हतं. लॅपटॉपने ते मधेच उचललं होतं.

कंपनीच्या गेटवर माल आला की चलन आधी सिक्युरिटीच्या हातात, मग स्टोअरमध्ये, मग क्यूसीकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्या टेबलावर. मधल्या कुणीही अडवलं तर मला पत्ताच नाही. बटणाचंही तसंच. पहिल्यांदा कीबोर्ड स्वतःच ठरवतो की हे एफ-टू आहे की उजेडाचं बटण. मग विंडोज किंवा मॅक बघतं की हे आपल्या कामाचं आहे का. मग भाषेचा कीबोर्ड. मग ब्राउझर, ब्राउझरमधून काम चालू असेल तर. शीट शेवटी. तेव्हापासून बटणाने भलतंच केलं की मी एक्सेलला शिव्या घालत नाही. आधी विचारते, कुणी अडवलं?

लॅपटॉपचा बंदोबस्त सोपा निघाला. काहींवर एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की एफची बटणं एफची होतात. काहींवर बायोसमध्ये शिरून ते बदलावं लागतं. माझा स्वतःचा कीबोर्ड जोडला की हे गेट आपोआप पार. मात्र त्याच कीबोर्डवर कोपऱ्यात स्क्रोल लॉक आहे. त्याला धक्का लागला की बाण दाबल्यावर सेल हलत नाही, अख्खी शीट सरकते. आता बऱ्याच लॅपटॉपवर हे बटणच नसतं, पण लॉक मात्र कधी कधी लागलेला असतो. मग पडद्यावरचा कीबोर्ड उघडून तिथलं बटण माउसने दाबायचं. एवढ्या वर्षांच्या माउसद्वेषानंतर असं वागावं लागतं.

भाषेच्या गेटने सगळ्यात जास्त हसवलं. एका पतसंस्थेचं काम घेतलं होतं, सभासदांची नावं मराठीत. विंडोजवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड टाकला. आता विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट मिळून भाषा बदलते. आणि एक्सेलमध्ये ऑल्ट-शिफ्ट आणि उजवा बाण मिळून ओळींचा गट करतात, सबटोटल लावणाऱ्याला ते सारखं लागतं. ऑल्ट-शिफ्ट धरून बाणाआधी मन बदललं, हात उचलला, की भाषा फिरली. तिथल्या क्लार्क मुलीने बेरीज लिहायला बरोबरीचं चिन्ह दाबलं आणि सेलमध्ये आला नुसता ‘ृ’, कशालाही न लागलेला, ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळणारा. इन्स्क्रिप्टमध्ये बरोबरीच्या बटणावर तोच आहे. तिने न बघता पुढे ‘सम’ची तीन अक्षरं आणि कंसही लिहिला. झालं ‘ृेहस(’. तिला वाटलं व्हायरस आला. तिने संगणक बंद केला, प्लग काढला आणि मला फोन केला. विनोद असा की कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही त्या वेळी नीट चालत होते, कारण त्यांच्यासाठी विंडोज बटणाची जागा बघतं, त्यातून उमटणारं अक्षर नाही. म्हणून कुणाला संशयच येत नाही की भाषा बदललीये.

२०२३ साली शहराचं नाव बदललं आणि कंट्रोल-एचचा हंगाम आला. फेब्रुवारीत शहराचं, सप्टेंबरात जिल्ह्याचं. लेटरहेड, चलन, पार्टी मास्टर, ट्रान्सपोर्टरची यादी, सगळीकडे औरंगाबाद. ‘मॅडम, एका झटक्यात होतं ना?’ होतं. शोधा, बदला, सगळे बदला. एका युनिटातल्या मुलाने तसं करूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचवाला वर आला, हातात लेबल घेऊन. बिहारच्या औरंगाबादचा ग्राहकही छत्रपती संभाजीनगरला आला होता. लेबलवरचा पिन कोड बिहारचा, म्हणून त्याच्या लक्षात आलं. शिवाय जुन्या बिलांच्या नोंदी बदलायच्याच नसतात. ज्या दिवशी बिल फाडलं त्या दिवशी जो पत्ता होता तोच राहिला पाहिजे. आणि नवं नाव लांब, त्यामुळे चलनाच्या छोट्या रकान्यात ते ‘छत्रपती संभा’पाशी कापलं जायचं. प्रत्येक ठिकाणी रॅप टेक्स्ट लावत बसलो. मी त्या हंगामात ‘सगळे बदला’ला हात लावला नाही. एकेक शोधून, बघून बदलत गेले. शॉर्टकट माहीत असणाऱ्याला कुठे तो वापरायचा नाही हेही माहीत असावं लागतं, आणि ते कुठल्या तक्त्यात छापून मिळत नाही.

शेंद्र्याच्या एका युनिटात तर हेच काम मॅकवर. मालकांची मुलगी शिकून आली, तिने धंद्यात लक्ष घातलं आणि ऑफिसात मॅकबुक आलं. तिथे मी सवयीने कमांड-एच दाबलं, कारण मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड असं कुणीतरी सांगितलं होतं. एक्सेल गायब! बंद नाही, लपलं. मॅकवर कमांड-एच म्हणजे अख्खा प्रोग्राम लपवणं. बदलायची खिडकी हवी तर कंट्रोल-एच. म्हणजे कंट्रोलच्या जागी कमांड हा नियम निम्माच खरा. आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम, वेळ टाकायला कमांड आणि अर्धविराम. डॉलर लावायला कमांड-टी. आणि यादीच्या वरच्या टोकाला उडी मारायला मी कंट्रोल आणि वरचा बाण दाबला, तर उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या लहान होऊन पडद्यावर पसरल्या. ते मिशन कंट्रोल, मॅकने गेटवरच उचललेलं. तिथे कमांड आणि बाण चालतात.

पण मॅकवर खरी अडचण ऑल्टच्या साखळ्यांची. ऑल्ट, ई, एस, व्ही ही एकत्र दाबायची बटणं नव्हेत. एकामागून एक चालायची वाट आहे, आणि मॅकवर ती वाटच नव्हती. कंट्रोल-कमांड-व्ही दाबून खिडकी उघडायची आणि आत निवडायचं. माझी बोटं तिथे अक्षरशः थांबायची, वाक्य अर्धं राहिल्यासारखी. आणि एक्सेल आधी मॅकवर आलं होतं, १९८५ साली; विंडोजवर १९८७ला. ज्याच्या घरी जन्मलं तिथेच आम्ही परके.

वाळूजच्या एका युनिटाने सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या धास्तीने सगळ्या संगणकांवर उबुंटू आणि लिब्रे-ऑफिस टाकलं. निर्णय मला पटला. फुकटात मिळणाऱ्या चांगल्या गोष्टीला नावं का ठेवा? पण तिथे एक जोडी अशी आहे की जिच्यापुढे मी हात टेकले. एक्सेलमध्ये ऑल्ट-एंटर म्हणजे त्याच सेलमध्ये नवी ओळ, आणि कंट्रोल-एंटर म्हणजे निवडलेल्या सगळ्या सेलमध्ये तेच भरणं. लिब्रे-ऑफिसमध्ये बरोबर उलट. ऑल्ट-एंटरने सगळीकडे भरतं, कंट्रोल-एंटरने नवी ओळ येते. वेगळंच काही असतं तर शिकता आलं असतं. उलटं असलं की बोट शिकल्याचं नाटक करतं आणि घाईच्या वेळी घात करतं. पार्टीच्या पत्त्याची दुसरी ओळ लिहायला जावं, आणि निवडलेल्या चाळीस सेलमध्ये तोच पत्ता.

तिथे स्टोअरला एक काका आहेत, निवृत्तीला आलेले. सगळ्या ऑफिसात फक्त त्यांचं काम पहिल्या दिवसापासून सुरळीत. ते कधी शॉर्टकट शिकलेच नाहीत. चष्मा कपाळावर, माउसने मेनू उघडतात, वाचतात, क्लिक करतात. मेनूतली नावं बहुतेक तीच, त्यामुळे त्यांना काही बदललंच नाही. मी चिडचिड करत होते तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, तुमचं बोट शिकलेलं आहे म्हणून त्याला त्रास. माझं अडाणीच, ते कुठेही खपतं.’ मी हसले, पण ते मनात राहिलं. वेगवान माणसालाच बदल महागात पडतो. मालक लोक नवी सिस्टीम आणताना हे धरत नाहीत. ते सगळ्यात तरबेज माणसाकडे बघून म्हणतात, हिला काय, दोन दिवसांत जमेल. दोन दिवसांत काकांना जमतं.

मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला, तोही वर्षअखेरीला. घरून, दुसऱ्या लॅपटॉपवरून, युनिटमधल्या बंद केबिनमधला संगणक चालवायचा. तिथे सगळीच गेटं दुप्पट. ऑल्ट-टॅब दाबलं की इथली खिडकी बदलणार की तिथली? नेट अडकलं की दाबलेलं बटण काही क्षणांनी पोचायचं. तोवर मी पुन्हा दाबलेलं. दोनदा डिलीट. त्या दिवसांत मी हळू दाबायला शिकले. दाबायचं, वाट बघायची, झालेलं बघायचं, मग पुढचं. बोटांना ते अपमानास्पद वाटतं.

नवी मुलं येतात तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये शंभर शॉर्टकटचा तक्ता असतो. कुणी तो प्रिंट काढून भिंतीला लावतं. मी त्यांना मोजकेच देते. कंट्रोल आणि बाण, त्यात शिफ्ट. डॉलर. आकडे चिकटवणं, ते आता नव्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्हीनेही होतं, गुगल शीट्समध्ये आधीपासून होतंच. फिल्टर. तारीख. एवढं अंगात मुरलं की महिना निघतो. बाकीचं लागेल तेव्हा शोधा. गुगल शीट्समध्ये कंट्रोल आणि स्लॅश दाबलं तर सगळी यादी समोर येते, ती घरच्यासारखी वापरा. ब्राउझरमध्ये असाल तर कंट्रोल-पेज-डाउनवर विसंबू नका. एक्सेलमध्ये त्याने पुढची शीट येते, ब्राउझरमध्ये पुढचा टॅब, आणि त्या टॅबवर तुमचं काय उघडं आहे ते मालकांना दिसतं.

एकाने विचारलं, आता तर सगळं एआय करून देणार, मग हे कशाला? देऊ दे की. पण त्याने करून दिलेल्या शीटमध्ये पीएफचा डॉलर सुटलाय का ते बघायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं, आणि हजार ओळींत तिथे माउसने जाणाऱ्याच्या धीराची मला खात्री नाही.

शेंद्र्याच्या मॅकशी तह झाला आहे. माझा टीव्हीएस गोल्ड त्याला जोडते. त्यावरचं विंडोजचं बटण तिथे कमांड होतं आणि ऑल्टचं ऑप्शन. सेटिंगमध्ये जाऊन त्या दोघांची अदलाबदल केली, मिशन कंट्रोलची बटणं काढून टाकली, एफची बटणं एफची केली. मालकांच्या मुलीला हे दुसऱ्या दिवशी कळलं, कारण तिचंच मॅक तिला ओळखेना. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा पासवर्डच्या पडद्यावर तिच्या फोटोशेजारी दुसरा गोल होता. तिने माझ्यासाठी वेगळा युजर काढून दिला होता, नाव ठेवलं होतं ‘मॅडम विंडोज’.